वेगवान गाडी आणि वाटेवरचा जिल्हा

नागपुराहून पुण्यास जाणारी वंदे भारत गाडी शेगाव स्टेशनात शिरते, तेव्हा फलाटावरील माणसे हातातले काम सोडून क्षणभर तिच्याकडे पाहतात. तिला पुढे निराळे एंजिन नाही. दारे आपोआप उघडतात, उतारू उतरतात, दुसरे चढतात, दारे मिटतात आणि गाडी चालू लागते. ह्याच बुलढाणा जिल्ह्यातील जलंब, नांदुरा व मलकापूर ही पुढची स्टेशने मात्र ती न थांबता ओलांडून जाते. तेथील फलाटावर उभ्या असलेल्या मनुष्यास वाऱ्याचा एक झोत तेवढा लागतो.

दोन मोठ्या शहरांना जोडणारी वेगवान गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या माणसास सहज समजते. सकाळी बसावे व रात्री उतरावे, एवढाच त्याचा तिच्याशी संबंध. परंतु ती गाडी ज्या मुलखातून जाते, त्या मुलखाचा आणि तिचा संबंध कोणता, हा प्रश्न तितकासा सोपा नाही. गाडीचा वेग वाढला म्हणजे वाटेवरील गावांचा प्रवास आपोआप लवकर होतो काय? की शहरांचे तास वाचावे म्हणून वाटेवरच्या गावांनी आपले तास द्यावयाचे? बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न विशेष ठळकपणे दिसतो, कारण देशातील एक अत्यंत मोठा लोहमार्ग त्याच्या उत्तर अंगाने गेला आहे आणि दक्षिण अंगास आजही रूळ नाही.

प्रथम गाडीची हकीकत पाहणे योग्य होईल. नागपूर-पुणे वंदे भारत गाडी १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बंगळुरूहून दूरदृश्य पद्धतीने तिला हिरवे निशाण दाखविले. नागपुरातील अजनी स्टेशनापासून पुण्यापर्यंतचे ८८१ किलोमीटर अंतर आरंभीच्या वेळापत्रकाप्रमाणे बारा तासांत कापण्याची योजना होती. वाटेत वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव, भुसावळ, जळगाव, मनमाड, कोपरगाव, अहिल्यानगर व दौंड कॉर्ड लाइन असे दहा थांबे ठरले. दौंडच्या मुख्य स्टेशनात न शिरता कॉर्ड लाइनने गेल्यामुळे तेथे गाडीची दिशा बदलण्याचा खोळंबा टळतो.

आता ८८१ ला बाराने भागले असता ताशी सुमारे ७३ किलोमीटर अशी सरासरी गती येते. वेगवान म्हणून नावाजलेल्या गाडीची ही गती ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ही जातीची गाडी ताशी १८० किलोमीटरपर्यंत धावू शकेल अशी बांधली जाते, आणि रूळ योग्य असल्यास ती १६० ने चालविता येते. मग एकशे ऐंशीची गाडी त्र्याहत्तरवर का यावी? ह्या एका प्रश्नाच्या उत्तरात आगगाडीच्या वेगाचे बहुतेक सारे शास्त्र सामावलेले आहे.

गाडीचा वेग केवळ गाडीत नसतो. तो रुळांत, वळणांत, सिग्नलांत, फाटकांत आणि पुढे चाललेल्या दुसऱ्या गाडीत असतो. ह्यांपैकी जो घटक सर्वांत मंद, तोच शेवटी वेळापत्रक ठरवितो.

वळणाचे उदाहरण घ्यावे. गोफणीतला दगड जसा बाहेर फेकला जाऊ पाहतो, तशी वळणावरची गाडी बाहेरच्या बाजूस ढकलली जाते. हा जोर सावरण्यासाठी वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा किंचित उंच ठेवतात. गाडी जितकी वेगवान, तितकी ही उंची अधिक हवी. परंतु त्याच रुळांवरून कोळशाची वा सिमेंटची मालगाडी सावकाश जावयाची असते. उंची फार वाढविली तर त्या मालगाडीचा सारा भार आतल्या रुळावर पडून तो झिजतो. म्हणून रेल्वेचे अभियंते दोहोंच्या मधली उंची ठेवतात आणि वेगवान गाडीस त्या वळणावर हात आखडता घ्यावा लागतो.

ब्रेकचा नियम तर त्याहून कडक आहे. वेग दुप्पट झाला असता, तेवढाच ब्रेक लावून गाडी थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी जेथे पाव किलोमीटरात थांबते, तेथे तीच गाडी ताशी १०० ने चालत असता पूर्ण एक किलोमीटर घेईल. चालकास समोरचा तांबडा दिवा दिसेपर्यंत वाट पाहणे मग परवडत नाही. त्याला कितीतरी आधी सूचना मिळाली पाहिजे. म्हणून वेग वाढवावयाचा तर सिग्नलांची रचना बदलावी लागते, माणसे-गुरे ओलांडतात ती फाटके काढून तेथे वरून पूल किंवा खालून बोगदा करावा लागतो आणि रुळांच्या कडेने कुंपण घालावे लागते. वेगवान गाडीचा बराचसा खर्च अशा ठिकाणी होतो की जेथे उतारूचे लक्षही जात नाही.

ह्यापुढचा घटक म्हणजे थांबा. एका थांब्यास वेळ किती लागतो? वेळापत्रकात दोन मिनिटे लिहिलेली असतात, पण खरा हिशेब निराळा आहे. श्रोत्यांनी मनातल्या मनात तो करून पाहावा. समजा, गाडी ताशी १२० किलोमीटरने, म्हणजे मिनिटास दोन किलोमीटर अशा गतीने चालली आहे. स्टेशन जवळ आल्यावर ती दीड मिनिटात हळूहळू थांबते. ह्या दीड मिनिटात तिची सरासरी गती निम्मी, म्हणून अंतर दीड किलोमीटर. न थांबता गेली असती तर हेच अंतर तिने पाऊण मिनिटात कापले असते. तेव्हा पाऊण मिनिट येथे गेले. पुढे दोन मिनिटे ती उभी राहिली. मग पुन्हा पूर्ण वेग घेण्यास तिला तीन मिनिटे लागली असे धरले, तर त्याच रीतीने आणखी दीड मिनिट खर्ची पडले. एकूण सव्वाचार मिनिटे. असे दहा थांबे असल्यास बेचाळीस मिनिटे आणि पंचवीस असल्यास पावणेदोन तास होतात. आडव्या रुळावर जाऊन फलाट गाठावयाचा असेल तर सांध्यावरून अतिशय सावकाश जावे लागते व तोटा आणखी वाढतो.

वंदे भारत गाडीची मुख्य करामत येथेच आहे. जुन्या पद्धतीत एक एंजिन वीस-बावीस डबे ओढते. दहा बैलगाड्या एकीमागे एक बांधून पुढे एकच जोडी जुंपावी, तसा हा प्रकार. नव्या गाडीत निराळे एंजिन नसून साधारण निम्म्या डब्यांच्या खाली विजेच्या मोटारी बसविलेल्या असतात. म्हणजे एकाआड एक गाडीस स्वतंत्र बैलजोडी. त्यामुळे ती थांब्यावरून निघाल्यावर झपाट्याने वेग घेते, आणि थांबतानाही त्याच मोटारी उलट काम करून वीज निर्माण करतात व ती वरच्या तारेत परत देतात. आरंभी व अंती लागणारा वेळ असा वाचतो. चेन्नईच्या डबे बांधण्याच्या कारखान्यात तयार झालेली ह्या जातीची पहिली गाडी १५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्ली-वाराणसी मार्गावर सुरू झाली. महाराष्ट्रात मुंबई-सोलापूर व मुंबई-शिर्डी ह्या मार्गांवर १० फेब्रुवारी २०२३ रोजी ती आली.

परंतु थांब्याचा हा हिशेब ऐकून घाईने निष्कर्ष काढणे बरे नव्हे. दहा थांब्यांनी बेचाळीस मिनिटे जातात हे खरे. तरीही बारा तासांतील उरलेला वेळ थांब्यांनी खाल्लेला नाही. तो रुळांवरील गर्दीने, वळणांनी व वेगाच्या मर्यादांनी खाल्ला आहे. थांबे काढून टाकले म्हणजे गाडी वेगवान झाली, ही समजूत अर्धीच खरी आहे.

ह्याचा अनुभव विदर्भास पूर्वी येऊन गेला आहे. २००९ साली देशात दुरांतो नावाच्या गाड्या सुरू झाल्या. त्यांचे वैशिष्ट्य असे की आरंभीच्या स्टेशनापासून शेवटच्या स्टेशनापर्यंत उतारूंसाठी मध्ये थांबा नाही. नागपूर-मुंबई दुरांतो रात्री नागपूर सोडून सकाळी मुंबईस पोहोचू लागली. मार्ग ८३७ किलोमीटरचा. चालक बदलण्यासाठी, तसेच कसाऱ्याच्या घाटापाशी गाडी थांबणे भागच होते, फक्त उतारूस चढता-उतरता येत नसे. पुढे अनेक दुरांतो गाड्यांस मधले थांबे देण्यात आले, कारण गाडी थांबतेच आहे तर दार का उघडू नये, ह्या साध्या प्रश्नास समाधानकारक उत्तर नव्हते.

कसाऱ्याच्या, म्हणजे थळ घाटाचा येथे उल्लेख झाला. मुंबईस जाणाऱ्या गाडीस तो उतरावाच लागतो. तेथील चढ ३७ फुटांस एक फूट इतका उभा आहे, आणि वर येणाऱ्या गाडीस जादा एंजिनांचा टेकू द्यावा लागतो. नागपूर-पुणे गाडी मनमाडहून दक्षिणेस वळत असल्यामुळे हा घाटही नाही आणि खंडाळ्याचाही नाही. तिची अडचण घाटाची नसून रुळांवरील दाटीची आहे.

ही दाटी कशी होते, हेही एका सोप्या हिशेबाने कळते. दोन स्टेशनांमध्ये ५० किलोमीटर अंतर आहे व मध्ये बाजूस काढण्याची सोय नाही असे समजावे. मालगाडी ताशी ५० ने निघाली तर तिला एक तास लागेल. उतारूंची गाडी ताशी १०० ने अर्ध्या तासात जाईल. ती मालगाडीच्या मागे अडकू नये म्हणून मालगाडी निघून निदान अर्धा तास झाल्याशिवाय तिला सोडता येत नाही. म्हणजे त्या अर्ध्या तासात ते रूळ जवळजवळ रिकामे ठेवावे लागले. सर्व गाड्या सारख्याच गतीच्या असत्या, तर तेवढ्या वेळात आणखी दोन-तीन गाड्या जाऊ शकल्या असत्या. दोन गतींतील फरक जसजसा वाढतो, तसतशी रुळांची शक्ती घटते. अशा वेळी नियंत्रकापुढे एकच उपाय उरतो: मंद गाडीस बाजूच्या रुळावर उभे करणे. ती मंद गाडी कधी मालगाडी असते, कधी सर्व गावांस थांबणारी साधी गाडी असते. साध्या गाडीतील उतारूस वेगवान गाडीच्या वेगाची किंमत अशा रीतीने आपल्या वेळात मोजावी लागते.

ह्यावरचा खरा इलाज म्हणजे अधिक रूळ. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा ते भुसावळ ह्या ३१४ किलोमीटरच्या टप्प्यावर तिसरी व चौथी मार्गिका घालण्यास मंजुरी दिली. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव, जलंब, नांदुरा व मलकापूर ही चारही स्टेशने ह्याच टप्प्यावर आहेत. हे काम पुरे झाल्यावर मालगाड्यांस व उतारूंच्या गाड्यांस निरनिराळे रूळ मिळू शकतील. नव्या झुळझुळीत गाडीच्या उद्घाटनास जितकी गर्दी होते, तितकी मार्गिकेच्या भूसंपादनास होत नाही; पण जिल्ह्याच्या दृष्टीने दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व पहिलीपेक्षा तसूभरही कमी नाही.

आता जिल्ह्याकडे वळावे. जुने वऱ्हाडकर आपल्या मुलखाचे पयनघाट व बालाघाट असे दोन भाग करीत असत. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सपाट, काळ्या मातीचा भाग तो पयनघाट. अजिंठ्याच्या डोंगरांवरील उंच भाग तो बालाघाट. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने भुसावळहून नागपूरकडे मार्ग नेला तो पयनघाटातून, आणि १८६७ साली गाडी नागपुरास पोहोचली. ह्यामागे दोन कारणे होती. सपाट जमिनीवर रूळ घालणे स्वस्त, आणि कापूस पिकतो तोही तेथेच. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे इंग्लंडच्या गिरण्यांस कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसास एकाएकी मोल आले. खामगावची कापसाची पेठ तर एवढी गाजली की जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा निराळा फाटा घालण्यात आला. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावास येऊन त्याचे उद्घाटन केले.

रूळ अशा रीतीने कापसाच्या मागे गेले, माणसांच्या मागे गेले नाहीत. परिणाम असा की जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बुलढाणा, तसेच चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा व सिंदखेड राजा हे सारे घाटावरचे तालुके लोहमार्गावाचून राहिले. बुलढाण्याच्या मनुष्यास गाडी धरावयाची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठावे लागते. तेथे वंदे भारत थांबत नाही. म्हणून तिच्यासाठी खामगावमार्गे शेगावला साठ-पासष्ट किलोमीटर जावे लागते. खामगावहून चिखली व देऊळगाव राजा ह्या बाजूने जालन्यापर्यंत सुमारे १६० किलोमीटरचा मार्ग व्हावा, ही मागणी शंभराहून अधिक वर्षांची जुनी आहे. पाहण्या झाल्या, आराखडे झाले. घाटावर रूळ अद्याप आलेले नाहीत.

ज्या ठिकाणी गाडी नाही तेथील लोक प्रवास करीत नाहीत असे थोडेच आहे? पुण्यास शिकणारी मुले, कारखान्यांत व संगणकाच्या कचेऱ्यांत नोकरी करणारे तरुण, रुग्णास मोठ्या इस्पितळात नेणारे नातेवाईक, हे सर्व रात्रीच्या खासगी बसगाड्यांनी जातात. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला व ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा सारा रस्ता पुरा झाला. तो मेहकर व सिंदखेड राजा ह्या तालुक्यांतून जातो, आणि घाटावरच्या भागास त्याचा उपयोग निःसंशय झाला आहे. परंतु ह्याच रस्त्यावर, ह्याच जिल्ह्यात, सिंदखेड राजाजवळ १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपुराहून पुण्यास चाललेली एक बस उलटून पेटली आणि २५ उतारूंचा अंत झाला. बहुतेक झोपेत होते. नागपूर व पुणे ह्यांच्यामध्ये भरवशाची, दिवसा चालणारी आगगाडी हवी की नको, हा विषय केवळ सुखसोयीचा नाही, हे त्या रात्रीने दाखवून दिले.

मग वाटेवरच्या जिल्ह्याने मागावे काय? सर्वसाधारण मागणी अशी असते की आमच्या स्टेशनावर गाडी थांबवा. मागणी करणाऱ्यास दोष देता येत नाही. पण मलकापूरास थांबा दिला तर नांदुऱ्यास का नको, आणि मूर्तिजापुरास का नको, असा क्रम सुरू झाला की सव्वाचार मिनिटांचे गुणाकार होऊ लागतात आणि शेवटी वेगवान गाडी व साधी गाडी ह्यांत भेद उरत नाही. उलट एकही थांबा न देणे म्हणजे मुलूख केवळ ओलांडण्यापुरता मानणे होय. ह्या दोन टोकांमधला मार्ग जपानने दाखविला आहे.

टोकियो ते ओसाका हा ५१५ किलोमीटरचा नवा लोहमार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाला. जुन्या अरुंद रुळांस हात न लावता सर्वस्वी निराळे, रुंद, फाटकरहित रूळ घालण्यात आले आणि गाड्या ताशी २१० किलोमीटरने धावू लागल्या. जगभर गाजला तो हा वेग. परंतु तितकीच शहाणपणाची दुसरी गोष्ट म्हणजे पहिल्या दिवसापासून त्या मार्गावर दोन प्रकारच्या गाड्या ठेवण्यात आल्या: मोजक्या शहरांत थांबणारी हिकारी आणि प्रत्येक स्टेशनावर थांबणारी कोदामा. कोदामा मधल्या स्टेशनात बाजूच्या रुळावर उभी राही, हिकारी पुढे निघून जाई, मग कोदामा चाले. लहान गावचा उतारू कोदामाने मोठ्या स्टेशनावर यावा आणि तेथे हिकारी धरावी. वेळापत्रके एकमेकांत गुंफलेली असल्यामुळे दोघांचाही वेळ वाचे.

त्याच मार्गावर काकेगावा नावाचे एक लहान शहर आहे. आरंभी तेथे स्टेशन नव्हते. गाड्या त्याच्या उशाखालून धडधडत जात. तेथील नगरपालिकेने व नागरिकांनी नुसते अर्ज केले नाहीत, तर खर्चाचा मोठा भार उचलला, लोकांनी वर्गणी दिली, आणि १९८८ साली तेथे स्टेशन झाले. तेथे कोदामा थांबते. आपणास सर्वांत वेगवान गाडीच हवी असा हट्ट त्या गावाने धरला नाही. त्या गाडीशी जोडणारा दुवा मागितला.

भारतातही हीच रीत येऊ पाहत आहे. मुंबई-अहमदाबाद ह्या ५०८ किलोमीटरच्या अतिवेगवान मार्गाची कोनशिला १४ सप्टेंबर २०१७ रोजी बसविण्यात आली. त्यावर बारा स्टेशने योजिली असून थोड्या थांब्यांची गाडी सुमारे दोन तास सात मिनिटांत व सर्व थांब्यांची गाडी तीन तासांच्या आत जावी, असा आराखडा आहे. मुंबई-नागपूर असाही अतिवेगवान मार्ग प्रस्तावित असून समृद्धी महामार्गाच्या बाजूने त्याची हवाई पाहणी २०२१ साली सुरू झाली. त्याच्या योजिलेल्या स्टेशनांच्या यादीत मेहकरचे नाव आहे. तो मार्ग झालाच, तर पयनघाटाने दीडशे वर्षे भोगलेले सुख बालाघाटास प्रथमच मिळेल. मात्र असली स्टेशने बहुधा गावाबाहेर मोकळ्या रानात असतात. तेथून गावात येण्यास वाहन नसेल, तर गाडीने वाचविलेला तास रस्त्यावर खर्च होतो.

येथे आणखी एक हिशेब उपयोगी पडतो. शंभर किलोमीटरचा प्रवास ताशी १३० ऐवजी १६० ने केला तर जवळजवळ नऊ मिनिटे वाचतात. तोच प्रवास ताशी ५० ऐवजी ८० ने केला तर पंचेचाळीस मिनिटे वाचतात. वेगातील वाढ दोन्हीकडे तीसचीच. पण लाभ पाचपट. म्हणून जो वेगवान आहे त्यास अधिक वेगवान करण्यापेक्षा, जो मंद आहे त्यास बरा करण्यात उतारूचा फायदा कितीतरी जास्त. आणि जो मुळीच चालत नाही, म्हणजे जो वेळ नुसता वाट पाहण्यात जातो, तो कमी करण्यात तर सर्वांत जास्त.

चिखलीचा एखादा विद्यार्थी पुण्यास निघाला आहे असे समजावे. शेगावहून पुढचा त्याचा प्रवास पंतप्रधानांनी निशाण दाखविलेल्या गाडीने होतो. पण घरापासून शेगावपर्यंतचा प्रवास दोन बसगाड्या बदलून होतो, आणि दुसरी बस चुकली तर गाडीही चुकते, म्हणून तो तीन तास आधीच निघतो. त्याच्या दृष्टीने गाडीचा वेग वीस किलोमीटरने वाढविण्यापेक्षा, तिच्या वेळेस धरून शेगावास पोहोचणारी एक नेमाची बस अधिक मोलाची आहे. खामगावचा जुना फाटा जलंबास मुख्य मार्गास मिळतो. त्यावरील गाड्यांच्या वेळा मोठ्या गाड्यांशी जुळल्या, तर कापसासाठी घातलेले रूळ माणसांच्याही उपयोगी पडतील. देऊळगाव राजा व सिंदखेड राजा येथील लोकांस शेगावपेक्षा जालनाच जवळ. मुंबई-जालना वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली व २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. त्यांना जालन्यास नेणारे वाहन वेळेवर मिळाले म्हणजे वेगवान गाडी त्यांच्या दाराशी आल्यासारखेच आहे.

शेगावास थांबा मिळाला तो मुख्यतः श्रीगजाननमहाराजांच्या समाधीमुळे येणाऱ्या भाविकांच्या संख्येने मिळाला, असे मानण्यास हरकत नाही. एका स्थानाच्या पुण्याईने मिळालेला हा थांबा सबंध जिल्ह्याचा थांबा करणे आता जिल्ह्याच्या हाती आहे. त्यासाठी नवे रूळ, नवे बोगदे वा कोट्यवधी रुपये आजच लागत नाहीत. एसटीचे वेळापत्रक आणि रेल्वेचे वेळापत्रक एका टेबलावर शेजारी ठेवून पाहणारा एखादा अधिकारी, आणि तसे पाहण्यास भाग पाडणारे सुजाण नागरिक, एवढे पुरे आहे. तिसरी-चौथी मार्गिका व जालन्याचा मार्ग ह्यांचा पाठपुरावा अर्थात चालूच राहिला पाहिजे.

पुढच्या वेळी एखाद्या वेगवान गाडीची घोषणा वर्तमानपत्रात येईल, तेव्हा ती ताशी किती किलोमीटर धावते एवढेच वाचून थांबू नये. ती कोठे थांबते, आणि जेथे थांबते तेथे आसपासच्या गावांचा मनुष्य किती वेळात व कशाने पोहोचतो, हेही विचारावे. मेहकरच्या किंवा लोणारच्या मनुष्याचा प्रवास त्याच्या घराच्या उंबरठ्यापासून सुरू होतो. गाडीचे वेळापत्रक तेथपासून मोजले गेले, तर तिचा वेग वाटेवरच्या जिल्ह्यासही आपला वाटेल.